काचेवर बनवा कार्बन फायबरचे पॅनेल, घासकाम वाचेल

संगणकाच्या केससाठी घरी कार्बन फायबरचे पॅनेल केले की पृष्ठभाग खडबडीत येतो आणि पॉलिश पेपर घासण्यात दिवस जातो. त्यापेक्षा ओरखडे नसलेल्या सपाट काचेवरच पॅनेल बनवा. काचेकडची बाजू थेट आरशासारखी निघते.

१. काचेला मोल्ड रिलीज वॅक्सचे (साच्याला वस्तू चिकटू नये म्हणून लावायचे मेण) चार-पाच हात द्या, प्रत्येक हात सुकल्यावर पुसून. इथे आळस अजिबात नको, नाहीतर पॅनेल काचेलाच चिकटून बसते.

२. इपॉक्सीचा (दोन द्रव मिसळले की कडक होणारे रेझिन) पातळ थर लावून थांबा. हातमोज्याच्या बोटाला चिकट लागेल, पण बोटावर येणार नाही, इतपत तो घट्ट होऊ द्या. कापडाच्या विणीतली बारीक छिद्रे या थरामुळेच टळतात.

३. मग कार्बन फायबरचे कापड, इपॉक्सी, पुन्हा कापड. प्रति चौरस मीटर २०० ग्रॅमच्या कापडाचे आठ थर म्हणजे साधारण २ मिमी. कापड मास्किंग टेप लावून टेपच्या मधून कापा, धागे सुटत नाहीत.

४. पूर्ण कडक झाल्यावर प्लास्टिकच्या पाचरीने सोडवा.

एक लक्षात ठेवा: कार्बन फायबरमधून वीज वाहते. मदरबोर्ड स्टँडऑफवरच (त्याला पॅनेलपासून वर धरणारे छोटे खांब) बसवा आणि कापलेल्या कडांना इपॉक्सीचा हात द्या.