'प्रतिकारशक्ती' वाढवणाऱ्या औषधाची द्राक्षबागेत स्वतः चाचणी कशी घ्यावी

फळछाटणीचा हंगाम जवळ आला की तासगाव, पलूस, मिरज, कवठेमहांकाळ या भागांतील कृषी सेवा केंद्रांत 'वेलीची प्रतिकारशक्ती वाढवणारी' नवी औषधे मांडली जातात. कशात कायटोसान असते, कशात सॅलिसिलिक आम्ल, कशात समुद्री शेवाळाचा अर्क, कशात फॉस्फोनेट, तर कशात बॅसिलससारखे जिवाणू. यांपैकी अनेकांच्या मागे खरे संशोधन आहे, हे आधीच मान्य केले पाहिजे. परंतु प्रयोगशाळेत जे खरे ठरले ते आपल्या मांडवाखाली खरे ठरेलच असे नाही, आणि त्याचा निवाडा विक्रेत्याच्या शब्दावर किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावर सोडून देण्याचे कारणही नाही. सुमारे पाव एकर बाग, एक वही, एक नाणे आणि मोजणीसाठी एक विश्वासू माणूस एवढ्या साधनांवर बागायतदाराला हा निवाडा स्वतः करता येतो.

चाचणीकडे वळण्यापूर्वी औषध नेमके कशाला हात घालते, हे समजून घेणे आवश्यक आहे. वनस्पतीच्या अंगात आपल्यासारख्या फिरत्या संरक्षक पेशी नसतात. तिच्या प्रत्येक पेशीला स्वतःचे रक्षण स्वतःच करावे लागते. पेशीच्या बाहेरील बाजूस असलेली ग्राहक प्रथिने रोगजंतूच्या अंगाचे तुकडे ओळखतात आणि पेशीला सावध करतात. जिवाणूच्या शेपटीतील प्रथिन ओळखणारे असे एक ग्राहक प्रथिन 2000 साली उजेडात आले. कायटोसान किंवा शेवाळातील लॅमिनारिन पानावर पडले की वेलीला रोगजंतू आल्याचा भास होतो आणि ती आधीच सज्ज होते, असा या औषधांमागील विचार आहे. दुसरी फळी पेशीच्या आत असते. तेथील प्रथिने रोगजंतूने आत सोडलेल्या द्रव्यांचा माग काढतात. यांपैकी एका प्रथिनाचे पाच घटक एकत्र येऊन चाकासारखी रचना तयार करतात, हे 2019 साली दिसून आले, आणि या दोन्ही फळ्या एकमेकींना बळ देतात, हे 2021 साली दोन स्वतंत्र संशोधनांतून सिद्ध झाले.

मात्र दुसरी फळी जनुकांवर अवलंबून असते, आणि आपल्या बागेची खरी अडचण येथेच आहे. थॉमसन सीडलेस आणि तिच्यापासून निवडलेले तास-ए-गणेश, सोनाका, माणिक चमन हे सगळे वाण युरोपीय द्राक्षाच्या जातीचे आहेत. डाऊनीचा, म्हणजे केवडा रोगाचा, रोगजंतू मूळचा उत्तर अमेरिकेतला. तो 1878 च्या सुमारास फ्रान्समध्ये पोहोचला, तोपर्यंत युरोपीय द्राक्षाची त्याच्याशी गाठच पडली नव्हती. म्हणून त्याला रोखणारी जनुके अमेरिकेतील आणि पूर्व आशियातील रानटी द्राक्षांत सापडतात, आपल्या वाणांत नाहीत. डॉगरिज या रानटी द्राक्षाच्या खुंटावर (मुळांच्या भागावर) कलम केले तरी वरची पाने थॉमसनचीच राहतात. याचा अर्थ असा की फवारणीतून वेलीत नवे जनुक येत नाही. जी सज्जता तिच्यात मुळात आहे, तेवढीच जागी करता येते. एखादे औषध डाऊनीचा पूर्ण बंदोबस्त करते असा दावा कोणी करत असेल, तर एकतर तो दावा खोटा असतो, नाहीतर त्या बाटलीत न सांगितलेले बुरशीनाशक असण्याची शक्यता असते, आणि निर्यातीच्या बागेसाठी ही दुसरी शक्यता पहिलीहून अधिक घातक आहे.

हवामानाचाही विचार करावा लागतो. वनस्पतींच्या प्रतिकारशक्तीवरील बरेचसे मूलभूत काम मोहरीच्या कुळातील अरॅबिडॉप्सिस या लहानशा रोपावर, बंद कक्षात आणि 21 ते 23 अंश तापमानात झालेले आहे. त्याच रोपात तापमान 28 अंशांवर नेले की सॅलिसिलिक आम्लाची निर्मिती मंदावते आणि संरक्षण ढिले पडते, असे 2022 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. सांगलीत ऑक्टोबरच्या दुपारी पारा सहज तिशी ओलांडतो. द्राक्षवेलीत अगदी तसेच घडते असे यावरून म्हणता येणार नाही, परंतु परदेशातील थंड कक्षातला निष्कर्ष येथे जसाच्या तसा लागू होईल असे गृहीत धरणेही योग्य नाही. आपल्या बागेत चाचणी घेण्याची गरज यातूनच निर्माण होते.

खरेदीच्या वेळी प्रथम लेबल वाचावे. भारतात 2021 पासून जैव-उत्तेजके (पिकाच्या वाढीला चालना देणारी द्रव्ये) खत नियंत्रण आदेशाच्या कक्षेत आली आहेत, तर रोगनियंत्रणाचा दावा करणाऱ्या औषधाची नोंदणी 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली असावी लागते. बाटलीवर यांपैकी कोणती नोंद आहे, घटक कोणते आणि किती टक्के आहेत, हे वहीत उतरवून घ्यावे व पक्के बिल घ्यावे. ज्या बाटलीवर घटकच लिहिलेले नाहीत, ती चाचणीसाठीसुद्धा बागेत नेऊ नये. फॉस्फोनेट असलेले औषध असेल तर फॉस्फोनिक आम्लाचा अवशेष युरोपच्या बाजारात मोजला जातो, हे ध्यानात ठेवून निर्यातदाराला आधी विचारावे.

आता बागेची आखणी. एकच वाण, एकच खुंट, एकाच दिवशी छाटलेली बाग निवडावी. नऊ बाय पाच फुटांवर लागण असेल तर एकरी सुमारे 970 वेली बसतात. चाचणीला 252 वेली पुरतात. या वेलींचे सहा पट्टे करावेत आणि प्रत्येक पट्ट्यात शेजारी-शेजारी दोन तुकडे आखावेत. प्रत्येक तुकडा तीन ओळींचा, ओळीत सात वेलींचा असावा. औषध तिन्ही ओळींवर फवारायचे, परंतु मोजणी मधल्या ओळीतील मधल्या पाच वेलींवरच करायची, कारण कडेच्या वेलींवर शेजारच्या तुकड्यातील फवारा उडून येतो. बांधाकडेच्या आणि रस्त्याकडेच्या ओळी चाचणीत घेऊ नयेत.

पट्टे कशासाठी, असा प्रश्न येथे पडेल. काही वर्षांपूर्वी मी स्वतः असे एक औषध बागेच्या वरच्या निम्म्या भागात फवारले आणि ओढ्याकडचा खालचा भाग तसाच ठेवला. खाली डाऊनी आली, वर जवळजवळ आली नाही, आणि मी ते औषध पुढच्या वर्षी पूर्ण बागेसाठी आणले. त्या वर्षीही खालच्या भागात डाऊनी तशीच आली. खालच्या भागात दव उशिरापर्यंत टिकते आणि डाऊनीला पानावर पाणीच लागते, ही साधी गोष्ट मी विचारात घेतली नव्हती. जे श्रेय उताराचे होते ते मी औषधाला दिले होते. म्हणून प्रत्येक पट्टा एकाच उंचीवर, ठिबकच्या एकाच टप्प्यात येईल असा आखावा, म्हणजे त्यातील दोन्ही तुकड्यांची जमीन, ओलावा आणि हवा सारखी राहते.

कोणत्या तुकड्याला औषध द्यायचे, हे नाणे उडवून ठरवावे. हा पोरखेळ वाटेल, परंतु चाचणीचा सगळा प्रामाणिकपणा याच कृतीवर उभा आहे. आपण स्वतः निवड केली की हात नकळत चांगल्या वेलींकडे जातो. इंग्लंडमधील रॉथम्स्टेड येथील शेती संशोधन केंद्रात 1919 पासून काम करणाऱ्या रोनाल्ड फिशर यांनी शेतीच्या प्रयोगांत ही चिठ्ठी टाकण्याची पद्धत रुजवली आणि तेथून ती वैद्यकशास्त्राने उचलली. क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी ब्रिटनमध्ये 1948 साली प्रसिद्ध झाली. त्यात 107 रुग्णांपैकी कोणाला औषध मिळेल हे डॉक्टरांनी नव्हे, तर आधीच बंद करून ठेवलेल्या लिफाफ्यांनी ठरवले. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 पैकी 4 जण दगावले, केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या 52 पैकी 14. रुग्णांची निवड डॉक्टरांवर सोडली असती, तर या आकड्यांवर कोणालाही शंका घेता आली असती. शेतात जन्मलेली ही पद्धत दवाखान्यांत नित्याची झाली आणि शेतकऱ्याच्या हातून मात्र निसटली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ज्या तुकड्यांना औषध द्यायचे नाही, त्यांचे बुरशीनाशकांचे नेहमीचे वेळापत्रक बंद करू नये. डाऊनी दोड्यावर (फुलोऱ्यावर) गेली तर वर्षाची कमाई जाते. 2019 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील पावसाने जिल्ह्यातील बागांचे काय केले, हे कोणी विसरलेले नाही. म्हणून दोन्ही तुकड्यांना नेहमीचे संरक्षण सारखेच द्यावे आणि एका तुकड्यात नवे औषध त्यावर जादा द्यावे. दुसऱ्या तुकड्यावर त्याच दिवशी, त्याच नोझलने, तेवढेच साधे पाणी फवारावे, म्हणजे ओलावा दोन्हीकडे सारखा राहील. या फवारण्यांसाठी ब्लोअर वापरू नये; पाठीवरचा पंप वापरावा आणि वारा पडलेला असताना फवारावे. नेहमीच्या औषधांत नवे औषध मिसळू नये, कारण तांब्याची औषधे, आम्लधर्मी द्रावणे आणि जिवंत जिवाणू एकमेकांना बाधतात.

वेळेबाबत एक चूक नेहमी होते. ही औषधे मुख्यतः रोगजंतूला मारण्यासाठी नसून वेलीला सज्ज करण्यासाठी असतात, आणि त्या सज्जतेला काही तासांपासून काही दिवसांपर्यंत वेळ लागतो. पानावर तेलकट डाग दिसल्यावर फवारून उपयोग नाही. पोंगा अवस्था (डोळा फुटून कोंब निघण्याची) संपून तीन-चार पाने उघडली की पहिली फवारणी द्यावी आणि नवी फूट निघत असेपर्यंत लेबलवरील अंतराने ती पुन्हा द्यावी. मात्रा वाढवू नये. संरक्षणावर खर्च झालेली शक्ती वेल वाढीतून काढते, त्यामुळे जास्त दिलेले औषध काडी आखूड करू शकते.

मोजणीचा नियम छाटणीपूर्वीच वहीत लिहून ठेवावा, नंतर बदलू नये. मी पुढील नियम पाळतो: छाटणीनंतर 30 आणि 45 दिवसांनी, सकाळी दव असताना, प्रत्येक वेलीच्या दोन्ही बाजूंच्या पाच-पाच काड्यांवरचे टोकाकडून पाचवे पान पाहायचे आणि डाग आहे की नाही एवढेच लिहायचे. वेलीला दहा पाने, म्हणजे औषधाच्या सहा तुकड्यांत तीनशे आणि पाण्याच्या सहा तुकड्यांत तीनशे पाने होतात. डागाविषयी शंका असेल तर ते पान ओल्या कागदासह प्लॅस्टिकच्या पिशवीत रात्रभर अंधारात ठेवावे. डाऊनी जिवंत असेल तर सकाळी पानाच्या खालच्या बाजूस पांढरी वाढ दिसते. काडीची लांबी, घडांची संख्या आणि काढणीच्या वेळचे वजनही नोंदवावे. पाऊस, दव आणि तापमान यांची रोजची नोंद एका ओळीत पुरते.

पाने मोजणाऱ्याला कोणता तुकडा औषधाचा आहे, हे कळू देऊ नये. तुकड्यांना केवळ 1 ते 12 असे क्रमांक द्यावेत आणि कोणत्या क्रमांकाला काय दिले, हे लिहिलेला कागद घरात बंद ठेवावा. स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत क्ष-किरण चित्रे तपासणाऱ्यांनाही रुग्ण कोणत्या गटातला आहे हे सांगितलेले नव्हते. ज्याने औषधाला पैसे मोजले आहेत, त्याच्या डोळ्यांना डाग कमी दिसतात, हा मनुष्यस्वभाव आहे.

मोजणी संपल्यावर कागद उघडावा आणि प्रत्येक पट्ट्यातील दोन तुकड्यांची तुलना करावी. औषधाचा काहीच परिणाम नसेल, तर प्रत्येक पट्ट्यात ते वरचढ दिसण्याची शक्यता नाण्याच्या छाप्याएवढीच असते, म्हणून सहाही पट्ट्यांत ते निव्वळ योगायोगाने वरचढ दिसणे 64 पैकी एकदाच घडेल. पाच किंवा त्याहून अधिक पट्ट्यांत वरचढ दिसणे मात्र 64 पैकी 7 वेळा घडू शकते, म्हणजे नवांत जवळपास एकदा. तेवढ्यावर पूर्ण बागेचा खर्च करू नये. फरक किती पानांचा आहे आणि त्यातून एखादी बुरशीनाशकाची फवारणी वाचू शकेल का, हेही पाहावे. शंभरातील आठ पानांऐवजी सात पानांवर डाग आले, तर तो फरक खरा असूनही बिलाच्या तुलनेत निरुपयोगी असू शकतो.

एक निष्कर्ष सर्वाधिक वेळा चुकीचा वाचला जातो. कोरड्या वर्षी दोन्ही तुकड्यांत डागच आला नाही, तर औषध लागू पडले असे नव्हे आणि निकामी ठरले असेही नव्हे. त्या वर्षी चाचणीने उत्तर दिलेच नाही. "मी फवारले आणि डाऊनी आली नाही" या वाक्याला शेजारी न फवारलेला तुकडा असल्याशिवाय काहीही अर्थ नसतो. अशा वर्षी वहीत 'उत्तर नाही' असे लिहून पुढच्या हंगामात त्याच आखणीवर पुन्हा नाणे उडवावे.

एका बागेचे एका हंगामाचे उत्तर अपुरेच असते. भारतात पीक कापणीच्या नमुना पाहणीला शास्त्रीय बैठक देणाऱ्यांपैकी एक असलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातील बुध गावचे, जन्म 1911 चा; यदृच्छेने निवडलेल्या थोड्या शेतांच्या काटेकोर मापनातून मोठ्या प्रदेशाचे खरे चित्र मिळते, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. गावातील पाच-सहा बागायतदारांनी हीच आखणी, हाच मोजणीचा नियम आणि हेच औषध घेतले, तर एका हंगामात तीस-छत्तीस पट्टे होतात आणि लहान फरकही ओळखता येतो. त्यासाठी कोणाचे आकडे घ्यायचे हे निकाल पाहून ठरवू नये. सुरुवातीला ज्यांनी नाव दिले त्या सर्वांचे आकडे, फरक न दिसलेल्या बागांसह, एकाच तक्त्यात उतरवावेत आणि एप्रिलच्या खरड छाटणीपूर्वी सर्वांनी एकत्र बसून तो तक्ता तपासावा.