अंदाजपंचे थेंब: घरी इसेन्शियल ऑइल मिसळताना या चुका टाळा

आमच्या घरी स्वयंपाकात कुणी काही मोजत नाही. आमटीत गूळ किती, तर "सुपारीएवढा". पोह्यांत मीठ किती, तर "हाताला कळतं". हाच हात घेऊन मी पहिल्यांदा इसेन्शियल ऑइल, म्हणजे वनस्पतींतून काढलेली तीव्र सुगंधी तेलं, मिसळायला बसले. वाटीत दोन चमचे खोबरेल, त्यात दालचिनीच्या सालीच्या तेलाचे पाच थेंब, आणि दुखऱ्या गुडघ्याला चोळून मोकळी झाले. दहा मिनिटांत गुडघा चुरचुरायला लागला. दोनदा साबणानं धुतला तरी आग थांबेना. दुसऱ्या दिवशी तळहाताएवढा लाल चट्टा, आणि आठवडाभर सलवारचा स्पर्शही नको.

नंतर हिशोब मांडला. दोन चमचे म्हणजे १० मिलि, त्यात पाच थेंब म्हणजे पाव मिलि, म्हणजे अडीच टक्के. दालचिनीच्या सालीच्या तेलाची त्वचेसाठीची मर्यादा सांगितली जाते ०.०७ टक्के. मी पस्तीसपट लावलं होतं. ३० मिलिच्या बाटलीत या तेलाचा अर्धा थेंबसुद्धा मावत नाही, आणि अर्धा थेंब काढणार कसा? त्यामुळे अंगाला लावायच्या तेलांतून मी दालचिनी कायमची बाद केली. तिनं लाडवात जावं, नाहीतर मसाल्यात.

या विषयातल्या बहुतेक चुका अशाच अंदाजातून होतात, म्हणून आधी मोजमाप.

थेंब सगळे सारखे नसतात

२० थेंब म्हणजे १ मिलि, असं सगळीकडे वाचायला मिळतं. सुरुवातीला ते धरून चालायला हरकत नाही, पण एकदा स्वतः मोजून बघा. औषधाच्या दुकानातून २ मिलिची सिरिंज आणा, सुई काढून टाका, दट्ट्या बाहेर काढा, तोंडाशी बोट धरा आणि वरून थेंब सोडा. माझ्याकडच्या तीन बाटल्यांचं उत्तर आलं २०, २६ आणि ३४. बाटलीच्या तोंडाशी बसवलेल्या प्लॅस्टिकच्या बुचाचं भोक आणि तेलाचा दाटपणा, दोन्हींनी फरक पडतो. आता मी थेंब मोजतच नाही, १ मिलिची सिरिंज वापरते.

प्रमाण साधं आहे. अंगाला लावायचं तेल २ टक्के, म्हणजे ३० मिलि बेस तेलात (खोबरेल, तीळ अशा साध्या तेलात) ०.६ मिलि, २० च्या हिशोबानं १२ थेंब. चेहऱ्यासाठी आणि म्हाताऱ्या माणसांच्या पातळ कातडीसाठी १ टक्का, म्हणजे सहा थेंब. दोन वर्षांखालच्या बाळाला शून्य. बाळाला मालिश साध्या तेलानं होते, तिथे सुगंधाची हौस आपली असते, बाळाची नव्हे.

इथे एक चूक हमखास होते. हे १२ थेंब सगळ्या तेलांचे मिळून. लव्हेंडरचे १२, रोझमेरीचे १२ आणि गवती चहाचे १२ टाकले की झाले ३६, म्हणजे ६ टक्के. शिवाय काही तेलांची स्वतःची मर्यादा याहून कमी असते. लवंगेच्या तेलाला साधारण अर्धा टक्का, म्हणजे ३० मिलित तीन थेंब. गवती चहाला ०.७ टक्के, म्हणजे चार. गवती चहाच्या बाबतीत लोकांना हे पटत नाही. "अहो, आम्ही रोज चहात घालतो!" चहात दोन पाती जातात. तेलाची बाटली भरायला पात्यांचे भारे लागतात.

बेस तेलाशिवाय थेट लावणं

पिंपलवर टी ट्री थेट, डोकेदुखीला पेपरमिंट थेट, दाढेला लवंग तेलात बुडवलेला बोळा. एखादवेळी काही होत नाही, आणि तिथेच फसगत होते. अंगावर उठणारी खाज बऱ्याचदा पहिल्या वेळी येत नाही. शरीर ते द्रव्य ओळखून ठेवतं आणि महिन्या-दोन महिन्यांनी एके दिवशी पुरळ उठतं. एकदा ही अ‍ॅलर्जी तयार झाली की ती सहसा जात नाही. पुढे साबणातला, शाम्पूतला तोच घटकही सोसत नाही.

म्हणून नवं मिश्रण आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक-दोन दिवस थांबा. चाचणी मिश्रणाची करायची, शुद्ध तेलाची नाही. शुद्ध तेल लावून "मला चालतं का" बघणं म्हणजे विस्तव हातात घेऊन गरम आहे का बघणं.

गंधपुरा: सांधेदुखीच्या तेलातला खरा खेळाडू

घरोघरी सांधेदुखीचं तेल करतात त्यात निलगिरी, कापूर आणि गंधपुऱ्याचं तेल असतं. बामचा तो ओळखीचा वास याच गंधपुऱ्याचा. हे तेल जवळजवळ सगळंच मिथाइल सॅलिसिलेट असतं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनच्या घराण्यातलं. एक चमचा, ५ मिलि, पोटात गेलं तर ते सुमारे ७ ग्रॅम अ‍ॅस्पिरिनच्या बरोबरीचं. हृदयाचे पेशंट घेतात त्या ७५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांत मोजा: नव्वदच्या वर. लहान मुलाचा त्यानं जीव जाऊ शकतो.

पोटात कोण घेतंय, असं वाटेल. पण कातडीतूनही ते रक्तात शिरतं, आणि ज्येष्ठांपैकी कितीतरी जण रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असतात. माझ्या मावशीसाठी मी हौसेनं बाटली भरून दिली. ती दिवसातून तीनदा दोन्ही गुडघ्यांना चोळायची, वरून गरम पाण्याची पिशवी. शेकानं तेल आणखी आत जातं. तिच्या दंडावर काळेनिळे डाग दिसायला लागले तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "कुठलं तेल लावता?" ती वॉरफेरिनवर, म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर आहे हे मला माहीत होतं. त्याचा आणि तेलाचा काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं.

अशा गोळ्या चालू असतील, अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर गंधपुरा नको.

अमृतधारा आणि कापूर

आपल्याकडचं जुनं घरगुती मिश्रण म्हणजे अमृतधारा. कापूर, ओव्याचं फूल, पुदिन्याचं फूल (म्हणजे मेंथॉल), तिन्ही समभाग. काष्ठौषधींच्या दुकानात मिळतात. कोरड्या काचेच्या बाटलीत घालून हलवलं की तिन्ही घन पदार्थ डोळ्यांदेखत पाणी होतात. लहानपणी मला ही जादूच वाटायची. एकत्र आल्यावर तिघांचा वितळबिंदू खोलीच्या तापमानाखाली उतरतो, एवढंच.

ते वितळत नसेल किंवा गढूळ होऊन तळाशी साका बसत असेल, तर देवापुढच्या कापूरवड्या वापरल्या असणार. त्या जाळण्यासाठी बनवलेल्या असतात, अंगाला लावण्यासाठी नाही. बाटली ओली असली तरी गढूळपणा येतो. प्लॅस्टिकच्या बाटलीत केलं असेल तर ते टाकून द्या.

आता मुद्द्याचं. अमृतधारेत बेस तेल नसतंच, ती शंभर टक्के तीव्र. सर्दी झालेल्या बाळाच्या नाकाखाली ती लावणं, किंवा कापूर-ओव्याची पुरचुंडी दुपट्यात ठेवणं, हे आजही चालतं. मेंथॉल आणि कापूर नाकापाशी आले की तान्ह्याचा श्वास अडखळू शकतो. कापूर पोटात गेला तर काही मिनिटांतसुद्धा झटके येऊ शकतात, आणि झटके येणारा माणूस मोठा असला तरी त्यानं निलगिरी आणि कापूर यांच्यापासून लांबच राहावं.

अमेरिकेत पूर्वी २० टक्के कापराचं तेल दुकानात सर्रास मिळायचं. घाईत आया एरंडेल समजून तेच मुलांना पाजायच्या. अशा अपघातांनंतर १९८० च्या दशकात तिथे ते तेल बंद झालं आणि लावायच्या औषधांत कापूर ११ टक्क्यांच्या आत ठेवण्याचा नियम आला. आपल्या फडताळातही एरंडेल आणि कापूर घातलेलं खोबरेल शेजारी-शेजारीच असतं. उटीहून आणलेलं निलगिरी तेल खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवणारे तर माझ्या ओळखीतच चार आहेत.

पाण्यात टाकलं की मिसळत नाही

स्प्रेच्या बाटलीत पाणी, वर लव्हेंडरचे थेंब, आणि उशीवर फवारा. तेल पाण्यावर तरंगतं. हलवलं तर क्षणभर दुधाळ दिसतं आणि पुन्हा वर येतं. मग एका फवाऱ्यात नुसतं पाणी आणि दुसऱ्यात तोंडावर शुद्ध तेल. अंघोळीच्या बादलीत थेंब टाकलं तरी तेच, ते तरंगत येऊन नेमकं नाजूक जागी चिकटतं. मीठ, मध, दूध घालून ते विरघळत नाही, कितीही व्हिडिओ तसं सांगोत. अंघोळीसाठी थेंब आधी चमचाभर बिनवासाच्या लिक्विड सोपमध्ये घोळवा. स्प्रेला पॉलिसॉर्बेट २० हे तेल पाण्यात मिसळवणारं द्रव्य लागतं. आणि पाणी असलेली कुठलीही बाटली प्रिझर्व्हेटिव्हशिवाय आठवड्यात बुरसते. गुलाबपाणी घालून केलेली तर आधीच.

वाफाऱ्यात थेंब टाकायचेच असतील तर एक, फार तर दोन, आणि डोळे मिटून. उकळत्या पाण्यावर थेंब पडला की सगळं एकदम उडतं आणि डोळ्यांतून धारा लागतात. लहान मुलांना वाफाराच नको. त्यातला मोठा धोका तेलाचा नाही, पातेलं कलंडण्याचा आहे.

डासांच्या मशीनची रिफिल

संपलेल्या रिफिलमध्ये कडुनिंबाचं तेल आणि कापूर भरण्याची युक्ती दर पावसाळ्यात फिरते. कडुनिंबाचं तेल हे इसेन्शियल ऑइल नाही, ते खोबरेलासारखं जड तेल आहे. ते उडत नाही. वात चोंदते, करपते, खोलीभर खवट धूर होतो, आणि कापूर मात्र रात्रभर झोपलेल्यांच्या नाकात. ते पातळ व्हावं म्हणून काहीजण टर्पेंटाइन किंवा रॉकेल घालतात. टर्पेंटाइनची वाफ ३५ अंशांच्या आसपास पेट घेऊ शकते, आणि ते आपण तापलेल्या कांडीला लावून बेडरूममध्ये झोपतो. डासांसाठी मच्छरदाणी.

फुटकळ, पण हटकून होणाऱ्या

बर्गमॉट, कागदी लिंबू आणि लेमन यांची सालीतून पिळून काढलेली तेलं लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी होते आणि काळा डाग महिनोन्महिने राहतो. लावल्यावर निदान १२ तास ती जागा झाका. वाफेनं काढलेल्या लिंबाच्या तेलाला हा त्रास नाही, संत्र्यालाही नाही.

रबरी फुगा असलेल्या ड्रॉपरच्या बाटलीत तेल साठवलं की रबर चिकट होऊन आत विरघळतं. गडद काचेची, घट्ट झाकणाची बाटली हवी, आणि ती गॅसजवळच्या फळीवर नको. लिंबूवर्गीय तेलं आणि टी ट्री उघडल्यावर वर्षभरात संपवा. हवा लागून जुनी झालेली तेलं ताज्यापेक्षा जास्त झोंबतात. वाळा, चंदन, पचौली मात्र जुनी होतील तशी मुरतात.

तीन दिवसांत वास उडाला अशी तक्रार असेल तर मिश्रणात नुसतं संत्र-लिंबू आहे. एखादा थेंब वाळ्याचा घाला, तो बाकीच्यांना धरून ठेवतो. आणि मिसळल्या मिसळल्या वासाचा निकाल लावू नका, दोन दिवस जाऊ द्या. थंडीत खोबरेल गोठलं तर बाटली कोमट पाण्यात ठेवा. गॅसवर तापवून त्यात थेंब टाकले तर सुगंध तुमच्या स्वयंपाकघराला मिळेल, तेलाला नाही.

डिफ्यूझर अर्धा तास, खिडकी किलकिली, रात्रभर नाही. दम्याचा माणूस घरात असेल तर आधी त्याला विचारा. मांजर असेल तर ते खोलीबाहेर जाऊ शकेल असं दार उघडं ठेवा, आणि टी ट्री तिच्या अंगाला कधीच लावू नका. ही द्रव्यं निकामी करून बाहेर टाकायची आपल्या यकृताची सोय मांजराच्या यकृतात फारच तोकडी असते.

शेवटी खरेदी. दीडशे रुपयांत १० मिलि गुलाबाचं "शुद्ध" तेल मिळत नाही. एक किलो तेलाला काही टन पाकळ्या लागतात. स्ट्रॉबेरी किंवा कलिंगडाचं इसेन्शियल ऑइल अस्तित्वातच नाही, तो कृत्रिम सुवास. तो मेणबत्तीत घाला, अंगाला नको. आणि घरी खोबरेलात गुलाब किंवा तुळस कढवून होतं ते सिद्ध तेल. छानच असतं, पण पानं आधी सावलीत पूर्ण वाळवा. ओलं पान कढत तेलात तडतडून हात भाजतो, आणि राहिलेल्या ओलाव्यानं तेलाला बुरशी धरते.

झालंच तर

कातडीची आग झाली तर आधी साध्या तेलात भिजवलेल्या कापसानं पुसून घ्या, मग साबण. नुसत्या पाण्यानं ते पसरतं. डोळ्यात गेलं तर १५-२० मिनिटं स्वच्छ पाण्याची धार, मग डॉक्टर. कुणी प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी करवू नका. उलटीबरोबर तेल फुप्फुसात उतरतं, आणि ते पोटातल्या तेलापेक्षा वाईट. दूधही नको. १०८ लावा किंवा थेट दवाखाना गाठा, आणि बाटली सोबत न्या.

डॉक्टरांना त्या बाटलीवरून काही कळायला हवं. मावशीच्या बाटलीवर मी काहीच लिहिलं नव्हतं. तिच्या नव्या बाटलीवर आता मास्किंग टेप आहे: "तीळ तेल ३० मिलि. लव्हेंडर ०.२ मिलि, संत्रं ०.१ मिलि. एकूण १ टक्का. गंधपुरा नाही, कापूर नाही. १२ जूनला केलं. फक्त लावण्यासाठी."