इंग्रजीतली ‘बँक’ वाचताना या चुका टाळा

इंग्रजी मजकुरात ‘बँक’ आली की मन थेट पैशांकडे धावतं, आणि बहुतेक घोटाळे तिथेच होतात. वेस्ट बँक ही वित्तसंस्था नाही, जॉर्डन नदीचा पश्चिम काठ आहे. न्यूफाउंडलंडजवळचे ग्रँड बँक्स म्हणजे समुद्रातले उथळ उंचवटे; तिथे ठेवी नव्हे, मासे मिळतात. विमान ‘बँक’ झालं म्हणजे वळताना एका अंगावर कललं. काठ, उंचवटा, उतार हे सगळं एकाच शब्दाचं कुटुंब, आणि तो इंग्रजीत स्कँडिनेव्हियाकडून आला.

पैशांची बँक आली ती इटलीकडून, फ्रेंचमार्गे. इटालियन ‘बांका’ म्हणजे बाक किंवा मेज. नाणी बदलून देणारे त्यावर व्यवहार मांडत, म्हणून धंद्याला तेच नाव पडलं. दिवाळखोर या अर्थाचा ‘बँकरप्ट’ही तिथलाच: ‘बांका रोत्ता’, मोडलेलं बाक.

म्हणजे नदीकाठी सावकार बसत म्हणून ‘बँक’, असली जुळवाजुळव करू नका. पण उलट टोकही गाठू नका. शब्दकोशात दोन्हींच्या नोंदी वेगळ्या असतात, त्यावरून त्यांचं काहीच नातं नाही असं वाटतं. प्रत्यक्षात ‘बांका’ हा शब्द इटालियननेही जर्मानिक भाषांकडूनच (इंग्रजी, जर्मन आणि स्कँडिनेव्हियातल्या भाषा या कुळातल्या) उचलला, आणि खूप मागे गेलं तर काठ आणि बाक एकाच मुळाशी पोचतात. ‘बेंच’ त्याच घरातला. गंमत म्हणजे मेजवानीचा ‘बँक्वेट’सुद्धा!

‘ब्लड बँक’साठी मात्र वेगळं मूळ शोधत बसू नका. ठेव ठेवा, लागेल तेव्हा काढा, ही कल्पना पैशांच्या बँकेवरून घेतली. १९३७ साली शिकागोच्या कुक काउंटी रुग्णालयात बर्नार्ड फँटस यांनी हे नाव रूढ केलं.

अर्थ अडला तर आजूबाजूचे शब्द बघा. नदी, ढग, धुकं, बर्फ असेल तर काठ, रास किंवा थर. स्विच, लिफ्ट अशा एकसारख्या वस्तू असतील तर ओळ. हा अर्थ फ्रेंचमधल्या बाकाच्या शब्दावरून आला. क्रियापदापुढे ‘ऑन’ असेल तर भिस्त ठेवणं. आणि कुणी ‘बँक द फायर’ म्हणालं, तर निखारे राखेखाली झाका, म्हणजे ते हळूहळू जळत राहतील.