तगड्या खेळाडूशी डाव बरोबरीत कसा सोडवायचा

माझं रेटिंग, म्हणजे खेळाची ताकद सांगणारा आकडा, 1480. पुण्यातल्या एका खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत चौथ्या फेरीला समोर 1880 चा मुलगा आला. रेटिंगमध्ये 400 चा फरक म्हणजे हिशेबाने बारा डावांत मिळून मला जेमतेम एक गुण. साडेतीन तासांनी डाव बरोबरीत सुटला.

सुरुवातीलाच एक सांगते. सगळी मोहरी मारून पट रिकामा करायचा आणि बरोबरी मागायची, हे डोक्यातून काढा. मी वर्षानुवर्षं तेच केलं आणि हरत राहिले. वजिरावजिरी झाल्यावरच तर अशा खेळाडूचा हात दिसतो. 2004 मध्ये आइसलँडच्या रेक्याविकला 13 वर्षांच्या कार्लसनने (पुढे तो जगज्जेता झाला) तेव्हाच्या अव्वल खेळाडूला, कास्पारोवला, बरोबरीत रोखलं, ते लपून नव्हे. त्या डावात अडचणीत कास्पारोव होता. तेव्हा चांगल्या चाली खेळा, आणि घड्याळात शेवटासाठी वेळ राखा.

शेवट मात्र पाठ हवा. हत्ती आणि एक प्यादं विरुद्ध नुसता हत्ती, ही फिलिडोरची स्थिती मी भाच्याला समोर बसवून पन्नासेकदा खेळले होते. आपला राजा प्याद्याच्या वाटेत, शेवटच्या ओळीवर. हत्ती आपल्याकडून तिसऱ्या ओळीवर, म्हणजे त्याचा राजा पुढे येऊ शकत नाही. त्या ओळीवरच हत्ती इकडून तिकडे हलवत राहायचं. घाईने शह द्यायचा नाही. कंटाळून त्याने प्यादं त्या ओळीवर ढकललं, की लगेच हत्ती थेट पलीकडच्या टोकाला न्यायचा आणि मागून शह सुरू. त्याच्या राजासमोर आडोसा उरलेला नसतो. माझ्या डावात हे अगदी असंच घडलं.

समोरच्याकडे कडेचं प्यादं असेल आणि त्याचा उंट बढतीच्या घराच्या (जिथे प्याद्याचा वजीर होतो) रंगाचा नसेल, तर आपला राजा त्या कोपऱ्यात नेऊन बसवा. तिथून त्याला हुसकावता येत नाही.

तीच स्थिती, त्याच खेळाडूची चाल, तिसऱ्यांदा येत असेल तर बरोबरीचा दावा करता येतो, पण मोहऱ्याला हात लावू नका! चाल आधी कागदावर लिहा, घड्याळ थांबवा, पंचांना बोलवा. एकदा मी आधी चाल खेळून मग हात वर केला होता. दावा गेला, पुढे डावही गेला. या वेळी आधी लिहिलं. पंचांनी डाव तपासला, आम्ही दोघांनी अर्धा-अर्धा गुण लिहून सह्या केल्या. माझं रेटिंग 8.4 ने वाढलं.