शनिवारी रात्री सर्व्हरला हात लावण्याआधी

क्रेडिट सोसायटीचं काउंटर शनिवारी बंद झालं की सोमवार सकाळपर्यंत सर्व्हर आपला, पण तयारी शुक्रवारीच उरकायची. आधी बॅकअप. खाती पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये असतात, आणि त्याचं बॅकअप काढणारं 'पीजी डंप' एका डेटाबेसपुरतं असतं. युजर आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत, ते 'पीजी डंपऑल'ने वेगळे काढायचे. मी एकदा हे विसरलो. खाती सगळी परत आली, पण सकाळी शहापूर शाखेत एकाचंही लॉगिन होईना. तेव्हापासून दुसऱ्या मशीनवर रिस्टोअर करून, कॅशियरच्याच नावाने आत शिरून, एक मराठी आणि एक कन्नड नावाचं खातं उघडून बघतो.

मग अधिकार. सुपरयुजर, म्हणजे सगळं करायची मुभा असलेले युजर, किती आहेत ते मोजा. आमच्याकडे चार निघाले, त्यातला एक कधीच पुण्याला गेलेल्या पोराचा! रागाच्या भरात युजर उडवायला जाऊ नका, त्याच्या मालकीची टेबलं असली तर पोस्टग्रेस उडवूच देत नाही. आधी लॉगिन बंद, मग प्रत्येक डेटाबेसमध्ये मालकी दुसऱ्याच्या नावे, उरलेले हक्क काढून घ्या, शेवटी युजर. देखभालीच्या माणसाला तरी सुपरयुजर कशाला? २०२४ च्या १७ व्या आवृत्तीपासून 'पीजी मेंटेन' हा रोल, म्हणजे ठरावीक हक्कांचा तयार संच, आहे. त्याने व्हॅक्यूम (टाकाऊ ओळींची साफसफाई), ॲनालाइझ (टेबलांची आकडेवारी ताजी करणं), रीइंडेक्स (इंडेक्स म्हणजे शोधसूची नव्याने बांधणं) चालतं, पण सभासदांची शिल्लक वाचता येत नाही.

साधं व्हॅक्यूम दिवसाही चालतं. 'व्हॅक्यूम फुल' मात्र टेबलाला पूर्ण कुलूप लावून नवी प्रत लिहितं, म्हणून डिस्कवर तेवढी जागा आधी बघा. खरं सांगायचं तर दरवेळी त्याची गरजही नसते.

लिनक्स अपग्रेड केलं असेल तर नावांचे इंडेक्स नव्याने बांधा. जीलिबसी या लिनक्सच्या मूळ लायब्ररीच्या २०१८ च्या २.२८ आवृत्तीत अक्षरांचा क्रम बदलला. जुन्या इंडेक्सवर मग नाव यादीत दिसतं, पण शोधलं की सापडत नाही. समोर पासबुक घेऊन उभ्या आजींना हे कसं समजावणार?

यूपीएसची बॅटरी तपासा, पावसाळ्यात तर नक्कीच. शाखेची किल्लीही शुक्रवारीच मागून घ्या. मॅनेजरसाहेब सौंदत्तीला डोंगरावर गेले की फोन लागत नाही.