कोमो सरोवरावरचा मोंते ब्रेगान्यो: एका दिवसाच्या ट्रेकची आखणी कशी कराल?

इटलीत कोमो सरोवर पाहायला जाणारी बहुतेक मंडळी बेलाज्जोच्या गल्ल्यांत फोटो काढून परततात. त्याच सरोवराच्या पश्चिम काठावर, मेनाज्जो गावाच्या डोक्यावर मोंते ब्रेगान्यो उभा आहे. उंची २१०७ मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा साडेचारशे मीटरहून जास्त. दोर लागत नाही, कातळारोहण येत नसलं तरी चालतं. गवताळ धारेवरून पायवाट थेट माथ्यावर जाते. गर्दी बेताचीच. पण शांत डोंगराची आखणी जास्त काटेकोर लागते, कारण वाट विचारायला कुणी भेटेलच असं नाही, लिंबू सरबताची टपरी नाही आणि खाली उतरणाऱ्या बस मोजक्या. म्हणून सुरुवात शेवटापासून करा.

१. आधी परतीची बस बघा

चढाई ब्रेल्या या वाडीवजा गावातून सुरू होते. ते साधारण ७५० मीटरवर आहे आणि मेनाज्जोहून तिथे बस जाते. वेळापत्रकात तीन शब्द नीट वाचा. ‘फेरियाले’ म्हणजे सोमवार ते शनिवार, त्यामुळे शनिवारही त्यातच येतो. ‘फेस्तीवो’ म्हणजे रविवार आणि सणाच्या सुट्ट्या. ‘स्कोलास्तिको’ म्हणजे फक्त शाळा चालू असतानाचे दिवस. जुलैत त्या बसच्या भरवशावर राहिलात तर थांब्यावरच बसून राहाल. तिकीट आदल्या दिवशीच ‘टी’ची पाटी असलेल्या तंबाखूच्या दुकानातून घ्या.

मुक्काम आदल्या रात्री मेनाज्जोतच करा. मिलानोच्या चेंत्राले स्थानकातून वारेन्नाला रेल्वेने तासाभरात पोहोचता येतं, तिथून बोटीने पलीकडे मेनाज्जो.

२. वेळेचा हिशेब मांडा

आल्प्समध्ये किलोमीटरपेक्षा चढ मोजतात. बऱ्यापैकी सराव असलेला माणूस तासाला ३०० ते ४०० मीटर चढतो. ब्रेल्या ते माथा चढ साधारण १३५० मीटर, म्हणजे चार तास धरा. उतरायला तीन, खाण्यापिण्याला आणि फोटोंना एक. आठ तास झाले. शेवटच्या बसच्या वेळेतून हे आठ आणि वर एक तास राखीव वजा केला की निघायची वेळ मिळते. ती सकाळच्या पहिल्या बसच्याही आधीची निघाली, तर ब्रेल्यापर्यंत टॅक्सी ठरवा नाहीतर बेत छोटा करा.

३. महिना निवडा

जून आणि सप्टेंबर उत्तम. मे महिन्यातही वरच्या टप्प्यात बर्फ असू शकतो. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी विजांसह वादळं होतात आणि उघड्या गवताळ धारेवर लपायला जागा नसते. तेव्हा दुपारी बारापर्यंत माथा सोडून खाली निघायला हवं. १५ ऑगस्टला सारी इटली सुट्टीवर असते, तो आठवडा टाळलेलाच बरा. लोम्बार्दी या इथल्या प्रांताच्या ‘आर्पा’ या सरकारी संस्थेचा हवामान अंदाज आदल्या संध्याकाळी बघा, सकाळी पुन्हा बघा.

४. सॅक भरा

सरोवराकाठी टी-शर्टवर घाम येत असतो, पण माथा तिथून जवळजवळ १९०० मीटर वर आहे. दर १०० मीटरला साधारण अर्धा-पाऊण अंश तापमान घटतं, म्हणजे वर दहा-बारा अंश कमी, शिवाय वारा. वाराबंद जाकीट, टोपी, हेडटॉर्च, घोट्याला आधार देणारे बूट. पाणी अडीच लिटर. धारेवर पाण्याचा भरवसा धरू नका. लांब पँट घाला, कारण गवतात गोचिड्या असतात. मुक्कामी परतल्यावर गुडघ्यामागे आणि जांघेत तपासा.

५. वाटेवर

खुणा लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या, दगडांवर आणि झाडांवर रंगवलेल्या. पाट्यांवर अंतराऐवजी चालण्याचा वेळ लिहिलेला असतो. त्यात विश्रांती धरलेली नसते. पहिला टप्पा रिफ्युजो मेनाज्जो, सुमारे १४०० मीटरवरची डोंगरी विश्रांतीची जागा. ती उघडी आहे का, हे आधी फोन करून विचारा. उघडी असेल आणि शाकाहारी असाल तर ‘पोलेंता उंचा’ मिळते का पाहा: मक्याच्या जाडसर पिठाचं शिजवलेलं, चीज-लोणी-लसणीने माखलेलं. पण परतताना, खाऊन वर चढवत नाही.

पुढे सान्त-आमातेची खिंड, साधारण १६०० मीटर. खिंडीत दगडी छोटं चॅपल आहे. इथे घड्याळ बघायचंच. हिशेबापेक्षा तासभर मागे असाल किंवा पश्चिमेला ढग उभे राहत असतील, तर इथूनच मागे फिरा. सरोवराचा देखावा इथेही भरपूर आहे. वेळेत असाल तर उरलेले पाचशे मीटर धारेवरून सरळ वर. दिशा चुकायला वाव कमी, सावली मात्र नाही. माथ्यावरून डोंगर दिसतात: सरोवरापलीकडे समोर लेन्योने, आग्नेयेला ग्रिन्या आणि हवा स्वच्छ असेल तर पश्चिमेला मोंते रोझा.

६. काही बिघडलं तर

मदतीसाठी ११२. रेंज नसेल तर शिट्टी किंवा टॉर्चने मिनिटात सहा इशारे द्या, एक मिनिट थांबा, पुन्हा द्या. उत्तर मिनिटाला तीन इशाऱ्यांनी येतं. हॉटेलवाल्यांना वाट आणि परतीची वेळ लिहून द्या.

आणि बस चुकलीच, तर ब्रेल्याहून मेनाज्जोपर्यंत पायी उतरता येतं. साडेपाचशे मीटरचा उतार आहे. गुडघे कुरकुरतील, पण टॉर्च हाताशी असेल तर घाबरण्यासारखं काही नाही.