अंगावरून वारं गेलं? आधी माझ्याकडे येऊ नका: पक्षाघातातल्या या चुका टाळा

मी वैद्य आहे. तालुक्याच्या गावात बावीस वर्षं दवाखाना चालवतोय. तरीही सांगतो: तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ अडखळायला लागली, तर पेशंट माझ्या दारात आणू नका. सीटी स्कॅन असलेलं हॉस्पिटल गाठा.

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. साठीतले एक बापू सकाळी सहाला धार काढत होते. हातातली चरवी निसटली. घरच्यांना वाटलं, हाताला मुंग्या आल्या असतील. मग चहा दिला, तर तो ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून सदऱ्यावर ओघळला. तेव्हा कुठे 'वारं गेलं' म्हणून कालवा झाला. शेजाऱ्याने लसणाचं तेल चोळलं. एक जण कबुतर आणायला पळाला (होय, अजूनही रक्त चोळतात). मग जीप करून शेजारच्या तालुक्यात, लकव्याचं औषध देणाऱ्या माणसाकडे. तिथे ही रांग! माझ्याकडे आले तेव्हा सव्वाबारा वाजले होते. मुलगा म्हणाला, "डॉक्टर, एवढं तेल लावून द्या, मोकळं होईल."

मी फोन उचलला. 108 आली, पण हॉस्पिटलात पोचेपर्यंत दोन वाजले. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता, गुठळीच होती. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. बापूंचे साडेचार तास साडेदहालाच संपले होते. मोठी नस बंद असेल तर तार घालून गुठळी काढता येते, निवडक पेशंटमध्ये 24 तासांपर्यंतही. पण ती सोय मोठ्या शहरात. बापू आता उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर ठेवतात आणि गोठ्याकडे बघत बसतात.

"पण आयुर्वेदात पक्षाघातावर उपचार आहेत ना?" आहेत. चरकसंहितेत चिकित्सास्थानाचा 28वा अध्याय वातव्याधींचाच आहे. वायू बिघडण्याची दोन कारणं तिथे दिलीत: धातूंची, म्हणजे शरीराच्या घटकांची झीज आणि मार्गाचं आवरण, म्हणजे वाट अडणं. पण समोरच्या माणसाच्या मेंदूत नस अडलीय की फुटलीय, हे मला नाडीवरून कळत नाही. कळतं म्हणणाऱ्यापासून चार हात लांब राहा. ते स्कॅनमध्येच दिसतं. म्हणून घरातली ॲस्पिरिनसुद्धा आपल्या मनाने देऊ नका. रक्तस्राव असला तर तीच घात करेल.

माझं काम पेशंट स्थिरावल्यावर, फिजिओथेरपीच्या जोडीने. पक्षाघाताला ग्रंथात स्नेहयुक्त स्वेदन (तेला-तुपासह शेक) आणि विरेचन (जुलाबाचं औषध) सांगितलंय. लोकांना फक्त तेल हवं असतं, आणि तिसऱ्या दिवशी विचारणा: "गुण कधी येणार?" बोट हलायला महिने लागतात, बाबांनो. व्हिडिओ बघून अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या नाकात तेल सोडणारे दोन महाभाग मी पाहिलेत. ते तेल फुप्फुसात उतरू शकतं. बधिर हाताला गरम विटेचा शेक देऊन फोड आणणाऱ्यांची तर मोजदादच नाही. मी शेकाची पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघतो, मग पेशंटला.

दुसरी डोक्यात जाणारी चूक बीपीच्या गोळीची. "नॉर्मल आलं, म्हणून बंद केली." अहो, गोळीमुळेच नॉर्मल आलंय! कोणी अर्जुनाचा काढा सुरू करतं आणि गोळी परस्पर सोडतं. काढा मीही देतो, पण गोळीच्या बदल्यात नाही. पक्षाघाताची जी कारणं आपल्या हातात आहेत, त्यांत वाढलेलं बीपी पहिलं, आणि ते दुखत नाही हीच पंचाईत. मोजतानाही घाई: जिना चढून, तंबाखू चघळत, गप्पा मारत. माझ्याकडे पाच मिनिटं पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून, गप्प बसायचं. मग दोनदा मोजतो. आकडा घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेच्या चौकटीत लिहायचा. मनगटी घड्याळातलं बीपी मी मानत नाही.

बाकीच्या भराभर. दहा मिनिटं हात लुळा पडला आणि आपोआप बरा झाला, तर खूश होऊ नका. त्याच दिवशी हॉस्पिटलात दाखवा, पुढचे दोन दिवस सर्वांत धोक्याचे. मशेरी हा तंबाखूच. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत, लोणचं-पापड धरून. नाडी अनियमित लागत असेल तर ईसीजी काढा. हृदयात झालेली गुठळी मेंदूत जाऊ शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. झटका आलेल्याला पाणीसुद्धा पाजू नका, गिळणं बिघडलेलं असू शकतं. लुळा हात धरून पेशंटला ओढून उठवू नका, खांदा निखळतो. आणि 'बोटांना सुई टोचून रक्त काढा' हा मेसेज टाकणाऱ्याला मी ग्रुपमधून काढून टाकतो.

निघताना चालू गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाका आणि माणूस शेवटचा ठणठणीत कधी दिसला ती वेळ कागदावर लिहा. झोपेत झालं असेल तर उठल्याची नाही, झोपायला गेल्याची. बापूंच्या घरी चौघांनी चार वेळा सांगितल्या. शेवटी दूधगाडीचा हॉर्न चरवी पडण्याआधी वाजला की नंतर, यावरून सहा ठरले.